दहा मिस्कालांची तीन वजनं

चाळीस वर्षं मी हुबळीत लोकांची वजनं दुरुस्त केली. हजारो केली असतील. त्यातली दोन मुळात चुकलेलीच नव्हती, आणि मी ती दुरुस्त केली. बाकीच्या हजारोंबद्दल मला आज कोणी काही विचारत नाही. ती दोन मात्र माझ्या सख्ख्या बहिणीच्या जिवावर बेतली होती. आज सकाळीच ती मला मेथी नीट निवडली नाही म्हणून ओरडली, म्हणून हे सगळं इतक्या मोकळेपणानं लिहायला बसलो आहे.

"वजनं दुरुस्त करतात?" हा प्रश्न मला लग्नकार्यात हमखास विचारला जाई. पुढचा प्रश्नही ठरलेला, "लोखंडाच्या ठोकळ्यात बिघडण्यासारखं असतं तरी काय?" असतं की! किलोचं वजन दिवसातून दोनशे वेळा पारड्यात आपटतं. कोपरे उडतात, बूड झिजतं, गंज चढतो. प्रत्येक वजनाच्या बुडाशी एक भोक असतं आणि त्यात शिसं ठोकून भरलेलं असतं. वजन हलकं झालं की शिसं वाढवायचं, भारी झालं की कोरून काढायचं, नमुन्याच्या वजनाशी काट्यावर जुळवायचं आणि मग निरीक्षकसाहेबांकडे न्यायचं. ते त्या शिशावरच सरकारी शिक्का मारतात. दर दोन वर्षांनी हा सोहळा. मी परवाना असलेला मधला माणूस. व्यापाऱ्याला मी सरकारचा वाटायचो आणि सरकारला व्यापाऱ्याचा. चहा मात्र दोन्हीकडचा मिळे.

कानडीत वजनाला 'तूकद कल्लु' म्हणतात, म्हणजे तोलायचा दगड. आमच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळात या दगडांचं दुकान काढलं. दहा बाय बाराची खोली आणि आत काचेच्या पेटीत एक बारीक काटा. त्या काट्यावर काम सुरू असलं की पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायची. माझी अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती म्हणायची, "माझ्या वर्गात पन्नास पोरं, तुझ्या वर्गात पन्नास ठोकळे. तुझे निदान गप्प तरी बसतात."

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसलो तर दिवाळी संपेल. एकच सांगतो. ईरव्वा नावाची भाजीवाली होती. तिची वजनं पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा किलोचं वजन तीस ग्रॅम भारी निघालं. हलकी वजनं रोज बघायचो, भारी वजन म्हणजे नवलच. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. काही लोक वजनांचे दोन संच ठेवतात. शेतकऱ्याकडून माल घेताना भारी वजन, गिऱ्हाइकाला देताना हलकं. ईरव्वाचा दीर असल्याच धंद्यातला. घरच्या वाटण्यांत त्याचा घेण्याचा संच चुकून हिच्या वाट्याला आला आणि ही बिचारी सहा वर्षं त्यावर भाजी विकत बसली. मी तिला हे सांगितलं. वाटलं, कपाळाला हात लावेल. तर ती म्हणाली, "असू दे अण्णा. माझ्याकडंच रांग का लागते ते आज कळलं बघ."

मी तिची वजनं बरोबर करून दिली. पुढे तिची रांग कमी झाल्याचं कानावर आलं. वाईट वाटलं, पण माझं काम वजन बरोबर करण्याचं, रांगा लावण्याचं नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझी चूक तिच्यातूनच आली. तागडीच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवणारे, वजनाच्या मुठीला दोरा बांधून तो करंगळीत अडकवणारे, वजनाच्या बुडाला मेण लावणारे असे सगळे कलाकार अप्पांनी मला पहिल्याच वर्षी दाखवले. त्यांचा नियम सोपा होता. वजनाला किंवा तागडीला काहीही बांधलेलं दिसलं की आधी तोडायचं, मग विचारायचं. मी आयुष्यभर आधी तोडलं. विचारायचं पुष्कळदा राहून गेलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुन्या हुबळीत एका हकीमसाहेबांचा दवाखाना आहे. पिढीजात युनानी औषधांचा. हकीमसाहेब तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होते. अक्का गुडघ्यांसाठी त्यांच्याकडे जायची. ते तिला एक माजून देत. माजून म्हणजे औषधांची पूड मधात कालवून केलेलं चाटण. सकाळ-संध्याकाळ एक चमचा. अक्का त्यावर खूष होती. तिच्या त्या माजूनमध्ये कुचला असतो. कुचला हे विषारी बी. ते शिजवून, सोलून, शुद्ध करून अगदी बेतानं घालतात. बेतानं घातलं तर सांधे मोकळे होतात, जास्त झालं तर अंग ताठतं. म्हणजे सगळा खेळ वजनाचा. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, कारण अक्कानं मला ते दहा वेळा सांगितलं होतं.

हकीमसाहेब मोतीबिंदू काढायला विजापूरला मुलीकडे गेले होते. मागं दवाखाना त्यांची नात नसरीन बघत होती. ती शिकलेली युनानी डॉक्टर. देशपांडे नगरात तिचं स्वतःचं नवं क्लिनिक होतं. एके दिवशी ती दुकानात आली आणि फडक्यात बांधलेली तीन पितळी वजनं तिनं माझ्यापुढं ठेवली.

"अंकल, हे आजोबांचे मिस्काल. ग्रॅममध्ये किती होतात तेवढं सांगा," ती म्हणाली. "कॉलेजात आम्हाला शिकवलेला हिशोब आणि आजोबांची औषधं, दोन्हींचा मेळ बसायला तयार नाही. ते यायच्या आत सगळं ग्रॅमवर आणून ठेवते. परत आल्यावर त्यांच्या डोळ्यांना त्रास नको."

मिस्काल हे इराणी वजन. सोनं, केशर, औषधं असल्या नाजूक वस्तू त्यावर तोलत. चोवीस हरभऱ्यांचा एक मिस्काल, सोळा मिस्कालांचा एक सीर, चाळीस सीरांचा एक मण. आपला शेर आणि आपला मण या लोकांचे लांबचे भाऊबंद म्हणायचे, नाव सारखं पण अंगानं फार वेगळे. हे सगळं अप्पांच्या कोष्टकांच्या वहीत होतं आणि मला तोंडपाठ होतं.

वजनं सुरेख होती. देवळाच्या कळसासारखी, वर छोटी मूठ. तिन्हींवर एकच अक्षरं कोरलेली. नसरीननं वाचून दाखवली, 'दहा मिस्काल'. एकाच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला, दुसऱ्याच्या मुठीला हिरवा, तिसरं मोकळं.

पंखा बंद केला, दार लावलं आणि तोललं. लाल दोऱ्याचं भरलं सेहेचाळीस ग्रॅम. मोकळं भरलं चव्वेचाळीसला थोडं कमी. हिरव्या दोऱ्याचं भरलं फक्त साडेचौतीस. तिन्हींवर नाव एक आणि वजनं तीन! उलटं करून पाहिलं तर हिरव्याच्या बुडाचं भोक जवळजवळ रिकामं, तळाशी थोडंसं काळं पडलेलं शिसं. मोकळ्याचं भोकही पुरतं भरलेलं नव्हतं. माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवानं तीन मिनिटांत निकाल दिला: शिसं पडलंय. अप्पांची वही काढली. 'मिस्काल, चार ग्रॅम सहा दशांश.' दहाचे झाले सेहेचाळीस. लाल तंतोतंत बरोबर, बाकी दोन खोटी. आणखी काय पुरावा हवा?

दोन्ही दोरे कात्रीनं कापले. चिंच लावून पितळ लखलखीत केलं. दोन्ही हलक्या वजनांत शिसं ठोकलं आणि केसभरही फरक राहणार नाही अशी तिन्ही जुळवली. मला कोणी 'जुळवा' असं म्हटलं नव्हतं, 'सांगा' एवढंच म्हटलं होतं. पण चुकलेलं वजन हातात आलं आणि तसंच परत दिलं, हे माझ्याच्यानं कधी झालं नाही. एका कागदावर सुवाच्य अक्षरात कोष्टकही लिहून दिलं.

नसरीननं कागद वाचला. "तिन्ही सारखीच? मग आजोबांनी तीन कशाला ठेवली असतील?"

खरं म्हणजे हा प्रश्न माझा होता. तो तिनं विचारला आणि मी हसून उडवून लावला. "घरात तीन-तीन पळ्या असतात की, बाई. एक सापडली नाही तर दुसरी."

तीही हसली. "तुम्ही म्हणताय तर बरोबरच असणार," म्हणाली आणि गेली. मी त्या दिवशी फार खुशीत घरी आलो. इराणी वजनं रोज कोण आणतं हातात?

पुढं महिनाभरानं अक्काची माजूनची बरणी संपली आणि तिनं नवी आणली. नसरीननं केलेली. चौथ्या दिवशी जेवताना अक्का भाकरीचा तुकडा हातात धरून थांबली. म्हणाली, "जबडा आवळल्यासारखा करायलाय रे."

"भाकरी कडक झाली असेल."

"भाकरी मीच केली की."

मग एकदा स्वयंपाकघरात माझ्या हातून झाकणी पडली तर ती उभ्या उभ्या अंगभर दचकली, जणू कोणी ढकललं. पोटऱ्या ताठतात म्हणाली. चहाची बशी धरताना हात थरथरायला लागला. घरात आम्ही दोघंच. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा-सून बेंगळुरात. काळजी वाटली नाही असं नाही, पण मी शहाण्यासारखं म्हणालो, "वय झालं अक्का. ऐंशीला टेकलीस." ती म्हणाली, "होय की." आणि तिनं माजूनचा चमचा घेतला. गुडघ्यांना आराम पडायलाय ना, मग चमचा चुकवायचा नाही, अशी तिची शिस्त. मी समोर बसून बघत होतो. 

दोन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास दुकानापुढं रिक्षा थांबली. हकीमसाहेब उतरले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. मागं नसरीन. तिचा चेहरा उतरलेला. हकीमसाहेब या बोळात कधी आले नव्हते. आमचं बोलणं नेहमी कानडीत व्हायचं, मराठी मी आता करतो आहे.

त्यांनी तिन्ही वजनं माझ्या टेबलावर ठेवली. "दोरे कुठं आहेत, अण्णा?"

"तोडले. वजनाला दोरा चालत नाही, हकीमसाहेब."

त्यांनी एकेक वजन उचलून तळहातावर घेतलं, बुडाच्या शिशावरून अंगठा फिरवला. चष्म्याआडचे डोळे मिटलेले असावेत. एक खाली ठेवलं. "हे माझं." दुसरं घेतलं. "हे माझं नव्हे." तिसरं घेतलं, बराच वेळ धरलं. "आणि हे तर अजिबात नव्हे. काल विजापूरहून आलो, पेटी उघडली, हात लावला तेव्हाच कळलं. तुम्ही काय केलंत यांना?"

मी अभिमानानं सांगायला सुरुवात केली. दोन वजनांतलं शिसं पडलं होतं, मिस्काल चार ग्रॅम सहा दशांश, वगैरे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"इराणात एक मण किती किलोचा असतो?"

"तीन किलोच्या आसपास," मी म्हणालो.

"तो तबरीझचा. शाही मण त्याच्या दुप्पट. रयचा मण तबरीझच्या चौपट. रय म्हणजे तेहरानच्या जवळचं जुनं शहर. तिन्हींना मणच म्हणतात. गाव बदललं की मण बदलतो. तुम्हाला हे ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे की. आपल्याकडंही तसंच होतं. मुंबईचा मण वेगळा, बंगालचा वेगळा, आपल्या भागातला त्याहून वेगळा. अप्पा सांगायचे."

"मग मिस्काल तेवढा सगळीकडं एकच असेल, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

 कोणीच सांगितलं नव्हतं. मण हे बाजारातलं रांगडं वजन, ते गावोगाव बदलणार हे मी धरून चाललो होतो. मिस्काल सोन्याचा, केशराचा. असलं खानदानी वजन बदलणार नाही, असं मीच मनाशी ठरवून टाकलं होतं.

हकीमसाहेब सांगू लागले. लाल दोरा म्हणजे इराणी बाजाराचा मिस्काल, चोवीस हरभऱ्यांचा. हिरवा दोरा म्हणजे शरीयतचा मिस्काल, अठरा हरभऱ्यांचा. मोकळं वजन म्हणजे इकडच्या हकिमांचा, दोघांच्या मधला. "माझ्या उस्तादांच्या उस्तादांनी वहीत जे विष लिहिलं ते सगळं लहान मिस्कालानं लिहिलं. बाकी औषधं मोठ्यानं. कुचल्यापुढं वहीत हिरवा ठिपका आहे."

नसरीन पहिल्यांदाच बोलली. अगदी हळू. "मला तो शाईचा डाग वाटला."

हिशोब मी मनातल्या मनात केव्हाच केला होता. साडेचौतीसच्या जागी सेहेचाळीस. कुचला एक तृतीयांशानं जास्त पडला होता.

"माजून किती जणांना गेली?" मी विचारलं.

"तिघांना," नसरीन म्हणाली. "अळणावरच्या एका शेतकऱ्याला आज सकाळी फोन केला. त्यांनी दोन दिवस घेतली होती, पण धट्टेकट्टे आहेत, काही झालेलं नाही. एकांनी बरणी उघडलीच नव्हती, ती परत आणली. तिसरी बरणी माझ्या मदतनिसानं दिली. नाव लिहायचं राहिलं. विद्यानगरच्या कोणी म्हाताऱ्या बाई आहेत, एवढंच त्याला आठवतंय."

हकीमसाहेबांनी माझ्याकडं मान वळवली. "विद्यानगरच्या माझ्याकडं बऱ्याच बाया येतात, आणि तुमचं घरही तिकडंच. कोणाचा जबडा आवळतोय, आवाजाला कोणी दचकतंय, पोटऱ्या ताठतायत, असं कानावर आलं तर लगेच..."

पुढचं मी ऐकलं नाही. दुकान उघडं टाकून रस्त्यावर आलो होतो.

रिक्षात आम्ही तिघं. लॅमिंग्टन रोड ते विद्यानगर हा रस्ता मी हजारदा केला असेल. त्या दिवशी प्रत्येक सिग्नल माझ्यावर राग धरून बसलेला. घरी पोचलो आणि मी दारातूनच ओरडलो, "अक्का!" ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. माझ्या आवाजासरशी तिचं सगळं अंग ताडकन ताठलं आणि मान मागं गेली. नसरीननं मला बाजूला सारलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "मोठ्यानं बोलू नका. कोणीच नका." ती अक्काजवळ बसली, तिचा हात हातात घेतला, दिवसभरात किती चमचे, शेवटचा कधी, हे अगदी हलक्या आवाजात विचारलं. मग आम्ही अक्काला त्याच रिक्षात घालून जवळच्या इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुचला किती गेला असेल पोटात? अंदाज?"

अंदाज हा शब्द मला चालत नाही. नसरीननं पूर्ण घाण्याचं वजन सांगितलं, मी बाकावर बसून कागदावर मांडलं: एका चमच्यात किती, आठ दिवसांचं किती, ठरल्यापेक्षा जास्तीचं किती. अक्काचं वजन अडतीस किलो, तेही मला माहीत, कारण दुकानात आलेल्या प्रत्येक मोठ्या काट्यावर मी तिला उभी करायचो. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "इतकं नेमकं आम्हाला कोणी सांगत नाही." दुसऱ्या कुठल्या दिवशी या वाक्यानं माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. त्या दिवशी बाकाखाली जावंसं वाटलं.

अक्काला शांत, कमी उजेडाच्या खोलीत ठेवलं. स्नायू सैल पडायचं औषध दिलं. डॉक्टर म्हणाले, मात्रा फार नाही, वय जास्त आणि वजन कमी म्हणून एवढं बाधलं, वेळेत आलात. आणखी आठवडाभर घेत राहिल्या असत्या तर मात्र वेगळं बोलावं लागलं असतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास नर्स बाहेर आली. "बाई शिरा मागतायत. जबडा सुटला म्हणतायत."

मी पाण्याच्या टाकीपाशी गेलो आणि नळ सोडून रडलो. लाज वाटली नाही. मग तोंड धुऊन शिरा शोधायला निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का घरी आली. तिला झोप लागल्यावर मी दुकानात गेलो, तर पायरीवर हकीमसाहेब बसलेले. त्यांना एकच चिंता लागली होती. ती वजनं त्यांच्या घरी चार पिढ्या होती, आता मूळ वजन कुठून आणायचं? इथं मात्र अप्पांची दुसरी शिस्त कामी आली. आलेल्या वजनाला हात लावण्याआधी ते जसं आहे तसं तोलून वहीत लिहायचं, मिलिग्रॅमपर्यंत. ती शिस्त मी कधी मोडली नव्हती. वही उघडली. दोन्ही वजनं उलटी केली आणि माझं शिसं मीच कोरून काढलं. तासभर लागला. शेवटच्या दोन मिलिग्रॅमसाठी श्वास रोखून कानस फिरवली. हकीमसाहेबांनी हिरव्याला तळहातावर घेतलं.  मग त्यांचे खांदे सैल पडले. "हे माझं," ते म्हणाले. दोरे त्यांनी खिशातून आणले होते. ते त्यांनी स्वतः बांधले, मला हात लावू दिला नाही. मला ते योग्यच वाटलं.

संध्याकाळी ते आणि नसरीन अक्काला बघायला आले. मी चहा करायला आत गेलो. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. अक्काला अजून काहीच नीट माहीत नव्हतं. औषध बाधलं, एवढंच इस्पितळात तिच्यासमोर बोललं गेलं होतं.

"चूक माझी आहे, बाई," हकीमसाहेब म्हणत होते. "वहीतल्या खुणा मी पोरीला शिकवल्या नाहीत. डोळे गेले तरी अक्कल असायला हवी होती."

"नाही, चूक माझी," नसरीन म्हणाली. "आजोबा येईपर्यंत थांबायला हवं होतं."

मी ट्रे घेऊन दारात उभा. त्या दोघांनी मिळून मला वाचवलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नसता, ती जातच वेगळी. अक्का माझ्या हातचा चहा प्यायली असती आणि मला आयुष्यभर तिच्यासमोर बसावं लागलं असतं. ट्रे खाली ठेवला आणि सांगून टाकलं. वजनं मी बदलली. दोरे मी तोडले. पोरीनं विचारलं तेव्हा हसलो. वय झालं असंही तुला मीच म्हणालो.

 अक्कानं बशी उचलली, परत ठेवली.

"म्हणजे माझा जबडा आवळत होता, तो वयानं नव्हे?"

"नव्हे."

"पोटऱ्या?"

"नव्हे."

"आणि हात थरथरायचा तो?"

"तोही नव्हे. सगळं माझ्या हातचं."

तिनं माझ्याकडं इतका वेळ बघितलं की नसरीनची मान खाली गेली. मला वाटलं, आता रडणार, नाहीतर मारणार. लहानपणी तिनं मला पट्टीनं मारलेलं आहे. पण तिच्या तोंडातून हसू फुटलं. आधी बारीक, मग दाबता येईना असं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच होती.

"गाढवा! मी मरायला लागले असं धरून बसले होते की रे! आपल्या आईचंही शेवटी असंच झालं होतं, हात थरथरायचे. म्हटलं, आली आपली पाळी. तुला सांगून काय करायचं, म्हणून तू दुकानात गेलास की ट्रंक उघडायची आणि साड्यांवर नावं लिहून ठेवायची. चार दिवस तेच करत होते." ती पदरानं डोळे पुसत हकीमसाहेबांकडं वळली. "बघा, केवढं काम फुकट गेलं!" मग माझ्याकडं. "बसलायस काय? जा, त्या चिठ्ठ्या काढून ये."

आत जाऊन ट्रंक उघडली. प्रत्येक साडीला टाचणीनं कागदाची पट्टी लावलेली. वर्गातल्या फळ्यावर असायचं तसं वळणदार अक्षर, पण ओळी थरथरलेल्या. भाच्यांची नावं, शेजारणीचं, भांडी घासायला येणाऱ्या बाईचं. एकेक टाचणी काढत गेलो.  तळाशी तिची जांभळी इरकल होती, तिच्यावर माझ्या सुनेचं नाव. ही तरी तशीच ठेवायची का, म्हणून आतूनच विचारलं.

"काढ तीही," बाहेरून अक्काचा आवाज आला, चांगला खणखणीत. "दिवाळीला मीच नेसणार."